विमान भरले, मग पैसा गेला कुठे?

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, महाराष्ट्राची सीमा ओलांडल्यानंतर सौंसरच्या अलीकडे बोरगाव लागते. २०२३ पर्यंत हा मुलूख छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. आता तो नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेला आहे. संत्र्यांच्या बागा आणि कापडाचा कारखाना यांमुळे हे गाव ओळखले जाते. येथील एका बागायतदार गृहस्थांची कन्या मुंबईस एका रुग्णालयात परिचारिका आहे. वर्षातून एकदा, आणि तेही शक्यतो नाताळास, ती नागपूरपर्यंत विमानाने येते व तेथून मोटारीने घरी पोहोचते. काही दिवसांपूर्वी या गृहस्थांनी आम्हांस गाठले व विचारले, ‘‘भाऊ, पोरगी म्हणते विमानात एक खुर्ची रिकामी नव्हती. अन् पेपरात येते की विमानवाले तोट्यात गेले. मग पैसा गेला कुठे?’’

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र आम्हांस तेथल्या तेथे देता आले नाही. घरी येऊन आम्ही स्वस्त दराच्या विमान कंपन्यांचे त्रैमासिक आकडे काढून बसलो. जे काही आमच्या ध्यानात आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण ज्यांची मुले पुणे, मुंबई, बंगळूर अशा दूरच्या शहरी पोटासाठी गेली आहेत अशी कुटुंबे काही बोरगावातच आहेत असे नव्हे.

सौंसरच्या मोटारतळावर उभी असलेली खाजगी बस भरल्याखेरीज सुटत नाही, हा अनुभव कोणास नाही? वाहक नागपूर, नागपूर म्हणून ओरडत राहतो, आणि शेवटच्या बाकावर माणूस बसेपर्यंत चालक चहाच्या टपरीवरून हलत नाही. विमानास ही सवलत नाही. त्यास नेमल्या वेळी उडावेच लागते, आणि खुर्ची एकदा रिकामी उडाली की ती उद्या विकता येत नाही. म्हणून विमान कंपनी आपला हिशेब दोन मापांनी मांडते. नागपूर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर धरू. १८० खुर्च्यांचे विमान हे अंतर तोडते तेव्हा कंपनीने १ लाख २६ हजार आसन-किलोमीटर इतका माल बाजारात आणला असे समजावे. ही झाली तिची क्षमता. त्यात १५० माणसे बसली असतील तर १ लाख ५ हजार प्रवासी-किलोमीटर इतका माल खपला. खपलेल्या मालाचे आणलेल्या मालाशी जे शेकडा प्रमाण पडते, ते येथे ८३.३ आहे, व्यवहारात त्यास लोड फॅक्टर म्हणतात. संत्र्याचा व्यापारी मंडईत किती पेट्या उतरल्या व किती उठल्या हे पाहतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की न खपलेली पेटी दुसऱ्या दिवशी निम्म्या भावाने तरी जाते.

आता खरे आकडे पाहू. इंडिगो ही कंपनी ऑगस्ट २००६ मध्ये उडू लागली, आणि आज देशांतर्गत विमानप्रवास करणाऱ्या शंभर माणसांपैकी साठांहून अधिक तिच्याच विमानांत बसतात. तेव्हा तिचा ताळेबंद पाहिला की या व्यवसायाची नाडी हाती लागते. जुलै ते सप्टेंबर २०२३ या तिमाहीत तिने सुमारे ३,५३० कोटी आसन-किलोमीटर क्षमता बाजारात आणली. प्रवासी सुमारे २ कोटी ६२ लाख. लोड फॅक्टर ८३.३, नफा सुमारे १८९ कोटी रुपये. पुढील वर्षीच्या त्याच तिमाहीत, म्हणजे जुलै ते सप्टेंबर २०२४ मध्ये, क्षमता सुमारे ३,८२० कोटींवर गेली, प्रवासी सुमारे २ कोटी ७८ लाख झाले, आणि तरीही कंपनीस सुमारे ९८७ कोटी रुपयांचा तोटा आला. लोड फॅक्टर ८२.६ झाला होता, हे खरे. परंतु १८० खुर्च्यांच्या विमानात ही घट एका माणसाहून थोडी अधिक, इतकीच भरते. एका माणसाच्या उणिवेने हजार कोटींचे भगदाड पडते काय?

तिकिटे स्वस्त झाली असतील म्हणावे, तर तेही नव्हे. एका प्रवाशास एक किलोमीटर नेण्याचे कंपनीस २०२३ च्या त्या तिमाहीत सरासरी ४ रुपये ४४ पैसे मिळाले होते. २०२४ मध्ये ४ रुपये ५५ पैसे मिळाले. म्हणजे माणसे वाढली, भाडे वाढले, विमानेही जवळजवळ पूर्वीइतकीच भरली. तेव्हा आमच्या बागायतदार मित्राची शंका रास्तच होती. पैसा आला होता. तो दुसऱ्या दाराने बाहेर गेला.

ते दार कोणते हे कंपनीने स्वतःच सांगितले: इंधनाचा खर्च, आणि जमिनीवर उभी राहिलेली विमाने. प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन कारखान्याच्या एका जातीच्या इंजिनांत वापरलेल्या धातूच्या भुकटीत दोष असल्याचे जुलै २०२३ मध्ये उघडकीस आले. ती इंजिने उतरवून तपासणे भाग पडले, आणि तपासणीची रांग इतकी लांबली की एकट्या इंडिगोची सत्तरीच्या आसपास विमाने एकाच वेळी निजून राहिली. उभ्या विमानाचेही भाडे चुकत नाही. वर त्याच्या जागी दुसऱ्याचे विमान अधिक दराने आणावे लागते, म्हणजे एका फेरीसाठी दोन बैलजोड्यांची वैरण. आसन-किलोमीटरचा आकडा फुगलेला दिसतो, पण तो किती किमतीस पडला हे त्या आकड्यात दिसत नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या एका कंपनीच्या जिवावर बेतली. २००५ साली गोएअर या नावाने निघालेली व पुढे गो फर्स्ट झालेली ही कंपनी मे २०२३ मध्ये एकाएकी थांबली. तिची विमाने नागपुरासही येत असत. इंजिने वेळेवर मिळाली नाहीत हेच कारण तिने पुढे केले होते. त्याही आधीचा इतिहास फारसा निराळा नाही. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली एअर डेक्कन काढली व सामान्य माणसास विमानात बसविण्याचे स्वप्न खरे करून दाखविले. काही तिकिटे तर एक रुपयास विकली. २००७ साली ती किंगफिशरच्या हाती गेली, आणि २०१२ मध्ये किंगफिशरचीही विमाने उतरली ती उतरलीच. भरलेल्या खुर्च्यांनी यांपैकी कोणासही तारले नाही.

मग स्वस्त विमानसेवा चालते तरी कशी? तिचे गमक तिकिटापेक्षा घड्याळात आहे. शक्यतो एकाच जातीची विमाने घ्यावयाची, ती धावपट्टीवरून आली की अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा सोडावयाची, आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत त्यांस विसावा द्यावयाचा नाही. ही युक्ती नागपूरला नवी नाही. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. तो विमानतळ आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने ओळखला जातो. बोरगावहून तेथपर्यंतचा रस्ता साठेक किलोमीटरचा असेल.

परंतु विमानाबरोबर माणसेही जागावी लागतात, आणि आसन-किलोमीटरच्या हिशेबात ही बाब कोणी धरली नव्हती. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्णपणे लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली गेली आणि रात्रीच्या वेळी विमान उतरविण्यावर कडक मर्यादा आली. नियम बरेच आधी जाहीर झाले होते. तरीही इंडिगोने त्यास पुरेल इतकी माणसे उभी केली नव्हती, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सारे वेळापत्रक कोसळले. ५ डिसेंबर रोजी एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. लग्नास निघालेले, आजाऱ्यास भेटावयास निघालेले, परीक्षेस निघालेले असे लोक सामानावर डोके ठेवून विमानतळांवर पडून राहिले. सरकारने काही नियम तात्पुरते शिथिल केले, भाड्यांस कमाल मर्यादा घातली (५०० ते १,००० किलोमीटरच्या प्रवासास १२,००० रुपये) आणि कंपनीस आपली उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी करण्यास फर्मावले. आम्हांस नियम शिथिल होणे पटले नाही. ज्याच्या हाती दीडशे जीव आहेत त्याची झोप कमी करून वेळापत्रक सांभाळावे, हा हिशेब कोणत्याही कुटुंबवत्सल माणसास रुचणार नाही. पण त्या आठवड्यात आमची स्वतःची मुलगी विमानतळावर अडकली असती तर आम्ही हेच म्हटले असते काय, याची आम्हांस खात्री नाही.

हे सारे आम्ही बोरगावच्या त्या गृहस्थांस पुन्हा भेटून सांगितले. त्यांस इंजिनाची हकिकत चटकन समजली. त्यांच्याही पंपाची मोटर ऐन उन्हाळ्यात जळाली होती व दुरुस्तीच्या दुकानी महिनाभर पडून होती. वैमानिकाच्या झोपेविषयी ते म्हणाले, ‘‘पोरगीही रात्रपाळी करते. तिच्या वॉर्डात बाई कमी पडली की तिलाच थांबवतात.’’ यावर आम्हांस काही बोलता आले नाही.

मग त्यांनी मुद्द्यास हात घातला: नाताळचे तिकीटच इतके महाग का? आम्ही पुन्हा कागद काढला. जुलै ते सप्टेंबर हे पावसाचे दिवस. तेव्हा प्रवासी कमी. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ मध्ये मात्र त्याच इंडिगोची विमाने शेकडा ८६.९ भरली, प्रवासी ३ कोटी ११ लाखांच्या घरात गेले आणि आधीच्या तिमाहीचा तोटा धुऊन निघून सुमारे २,४४९ कोटींचा नफा झाला. दसरा, दिवाळी, लग्ने आणि नाताळ या दिवसांत जे प्रवास करतात, ते पावसाळ्यातील रिकाम्या खुर्च्यांचेही पैसे भरीत असतात. ऑगस्टात यावयाचे ठरवले तर तिकीट पुष्कळ स्वस्त पडेल, असे आम्ही सुचविले.

त्यांनी थोडा विचार केला. ‘‘ऑगस्टात तिला रजा देत नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘पावसात दवाखाना भरलेला असतो.’’ आणि डिसेंबरच्या तेवीस तारखेचे तिकीट आताच काढून टाकले तर काय पडेल, हे पाहण्यास त्यांनी आम्हांस आपला फोन दिला.