मध्यस्थ पेटी

26 डिसेंबर 2004 ची सकाळ. सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा अंदमान व निकोबार बेटांवर चालून आल्या. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले. आपली माणसे सुखरूप आहेत की नाहीत, हे कळावयास हजारो कुटुंबांना मार्ग उरला नाही. सुदैवाने त्या दिवसांत भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचालकांचा एक लहान गट पोर्ट ब्लेअर येथे आलेला होता. त्यांच्या बिनतारी यंत्रांनी बेटांवरील खुशालीचे आणि मदतीचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवले.

हौशी रेडिओचालक म्हणजे पगारासाठी अथवा व्यापारासाठी नव्हे, तर केवळ ज्ञानाच्या आणि मैत्रीच्या ओढीने बिनतारी संदेश पाठवणारा मनुष्य. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवावा लागतो. परवान्यावाचून संदेश प्रक्षेपित करणे हा गुन्हा आहे. मात्र ही परीक्षा वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते, ही गोष्ट तुम्हांला नक्कीच आवडेल.

संकटकाळी हाताशी पुष्कळदा एखादी लहानशी बॅटरीच असते. म्हणून अनेक हौशी चालक मुद्दामच अत्यल्प शक्तीवर, अवघ्या पाच वॉटांवर, काम करण्याचा सराव ठेवतात. पाच वॉट म्हणजे किती? घरातला एखादा लहान एलईडी दिवा जेवढी वीज घेतो, तेवढीच. तरीही आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या उंच विद्युद्‌भारित थरावरून, परावर्तित होऊन हा क्षीण संदेश शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर जातो. परंतु त्यासाठी एक अट आहे: जवळची पुंजी वाटेतच वाया जाता कामा नये. ती कशी वाया जाते आणि कशी वाचवता येते, हे आता पाहू.

रेडिओलहरी सेकंदाला सुमारे 30 कोटी मीटर धावतात. प्रक्षेपकातील विद्युत्प्रवाह सेकंदाला 70 लाख वेळा पुढेमागे होत असेल, तर एका लहरीची लांबी सुमारे 43 मीटर भरते. तिच्या निम्म्या लांबीची, म्हणजे साधारण 20 मीटरांची, तार शाळेच्या गच्चीपासून समोरच्या कडुनिंबापर्यंत बांधली की झाला आपला अँटेना. शास्त्रीय मराठीत त्याला आकाशक म्हणतात. आता या तारेचे टोक प्रक्षेपकाला जोडले की काम झाले, असे तुम्हांला वाटेल. पण तसे होत नाही.

एक प्रयोग करून पाहा. एका बारीक सुतळीच्या टोकाला जाड दोरखंड बांधा. मित्राला दोरखंडाचे दुसरे टोक धरावयास सांगा आणि सुतळीला एक झटका द्या. सुतळीवरून एक लाट धावत जाईल. परंतु गाठीपाशी पोहोचताच तिचा बराचसा भाग उलट तुमच्याच हाताकडे येईल आणि थोडाच भाग दोरखंडात शिरेल. जोडलेल्या दोन वस्तूंचा स्वभाव फार भिन्न असला की लाट सांध्यावरून परतते, हा निसर्गाचा नियम आहे.

विजेच्या लाटेचेही असेच आहे. येथे सुतळीच्या आणि दोरखंडाच्या जाडीऐवजी संरोध, म्हणजे पुढेमागे होणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध, विचारात घ्यावा लागतो. तो ओहम या एककात मोजतात. आजचे बहुतेक प्रक्षेपक 50 ओहमांच्या संरोधासाठी बनवलेले असतात. आपल्या अर्ध्या लहरीच्या तारेचा टोकाशी असणारा संरोध मात्र काही हजार ओहम असतो. तो 2500 ओहम आहे असे धरून हिशेब केला, तर शक्तीच्या शंभर भागांपैकी सुमारे 92 भाग सांध्यावरूनच माघारी फिरतात. पाच वॉटांतले अर्धा वॉटदेखील तारेला मिळत नाहीत! शिवाय परतलेल्या शक्तीमुळे प्रक्षेपकातील ट्रान्झिस्टर तापून निकामी होण्याचे भय असते ते वेगळेच.

अशा वेळी दोघांची भाषा जाणणारा एक मध्यस्थ हवा. हा मध्यस्थ म्हणजे अँटेना ट्यूनर. आपण त्याला जुळवणी पेटी म्हणू. तिच्या पोटात दोनच मुख्य वस्तू असतात: तारेचे एक वेटोळे आणि एक फिरता कंडेन्सर. वेटोळे आपल्या भोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठवते. कंडेन्सर आपल्या पात्यांमधील विद्युत्क्षेत्रात ती साठवतो. दोघांचे प्रमाण योग्य असले की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे झोक्याप्रमाणे येरझारा घालू लागते. झोक्याला ठरलेल्या वेळी हलकेच रेटा दिला, तरी तो उंच उंच जातो. त्याचप्रमाणे प्रक्षेपकाच्या दाराशी असलेला सुमारे 16 व्होल्टांचा दाब तारेपाशी 100 व्होल्टांहून अधिक होतो. मग शक्ती वाढली काय? मुळीच नाही. दाब जितक्या पटीने वाढला, तितक्याच पटीने प्रवाह घटला. तरफेने जड धोंडा उचलताना जोर कमी लागतो, पण हात अधिक अंतर हलवावा लागतो. तसाच हा व्यवहार आहे.

ही पेटी घरी करता येते. सुमारे चार सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या नळीवर एक मिलिमीटर जाडीच्या, लाखेचा लेप असलेल्या तांब्याच्या तारेचे 20 वेढे एकमेकांना लागून घाला. आठव्या वेढ्यापासून सोळाव्यापर्यंत प्रत्येक वेढ्याला लहानसा पीळ देऊन तेथील लेप खरवडा, म्हणजे चिमटा लावण्याच्या जागा तयार होतील. जुन्या रेडिओत स्टेशन लावण्यासाठी जो पात्यांचा गँग कंडेन्सर असे, तो आपल्या कामाचा आहे. वेटोळ्याचे पहिले टोक प्रक्षेपकाकडे जाते. चिमटा ज्या वेढ्याला लावू, तेथून अँटेनाची तार निघते. आणि त्याच ठिकाणापासून जमिनीच्या जोडणीपर्यंत कंडेन्सर बसतो.

जुळवणी साधली की नाही, हे डोळ्यांना कसे कळावे? त्यासाठी प्रक्षेपक आणि पेटी यांच्यामध्ये 50 ओहमांचे तीन रोधक आणि एक लहान एलईडी यांचा चौकोनी पूल जोडतात. पुलाच्या तीन बाजू हे रोधक, आणि चौथी बाजू म्हणजे पेटीसह आपला अँटेना. चौथी बाजूही नेमकी 50 ओहमांची झाली की पूल समतोल होतो आणि दिवा विझतो. एरवी दिवा लागला की आपण हर्षित होतो. येथे मात्र दिवा विझणे हीच शुभवार्ता!

प्रथम चिमटा बाराव्या वेढ्याला लावावा. मग प्रक्षेपक चालू करून कंडेन्सर अगदी सावकाश फिरवावा. दिवा मंदावून पुन्हा उजळला, तर मंदावलेल्या जागी परत यावे. पुरता विझला नाही, तर प्रक्षेपक बंद करून चिमटा एक वेढा पुढे किंवा मागे न्यावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. दिवा विझल्यावर पूल बाजूला काढावा, म्हणजे सारी शक्ती अँटेनाकडे जाईल. घाईने हे काम होत नाही. बोटांना आणि मनालाही थोडी शिस्त लागते.

काही गोष्टींची खबरदारी मात्र घेतलीच पाहिजे. चालू स्थितीत तारेला किंवा पेटीतील उघड्या भागांना हात लावू नये. पाच वॉटांतही टोकाशी असणारा दाब बोट भाजण्यास पुरेसा असतो. विजेच्या खांबांजवळून तार कधीही नेऊ नये, आणि आकाशात ढग गडगडू लागताच ती सोडून ठेवावी. हे सर्व काम परवानाधारक वडीलधाऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावे.

ही पेटी नवी शक्ती निर्माण करत नाही. उलट वेटोळे किंचित तापल्यामुळे शंभरातले थोडे भाग तीच खाते. वाईट ठिकाणी बांधलेल्या तारेला ती चांगलेही करू शकत नाही. तिचे काम एवढेच, की ज्याच्यापाशी थोडे आहे त्याचे थोडेही वाटेतून परत फिरू नये. परंतु वादळाच्या रात्री, एका लहान बॅटरीच्या बळावर कोणी ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढेच सांगू पाहत असेल, तेव्हा ते शब्द पोहोचणे वा न पोहोचणे या एवढ्याशा जुळवणीवरही अवलंबून असू शकते.