कंपनीच्या राज्यात काशी कशी बदलली?

वाराणसीत गंगेच्या काठाने नावेतून जाताना शिवाला भागात किल्ल्यासारखी उंच भिंत असलेला एक वाडा दिसतो. खालच्या घाटाला चेतसिंह घाट म्हणतात. १७८१ सालच्या ऑगस्टमध्ये काशीचा राजा चेतसिंह याच वाड्यातून निसटला. पागोटी एकमेकांना बांधून त्याचा दोर केला, त्यावरून तो खाली उतरला आणि नावेत बसून पलीकडच्या तीरावर गेला. यात्रेकरूंना ही गोष्ट ऐकायला आवडते. मात्र त्या दिवसानंतर काशीतल्या माणसाचे जगणे हळूहळू कसे बदलत गेले, हे फारसे सांगितले जात नाही.

पाहुणा आणि यजमान

या घटनेशी मिळतीजुळती घटना २६२ वर्षे आधी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला घडली होती. १५१९ मध्ये स्पेनचा हेर्नान कोर्टेस मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानला पोहोचला. तेथील सम्राट मॉक्तेझुमा याने त्याला पाहुणा म्हणून उतरवून घेतले. थोड्याच दिवसांत पाहुण्याने यजमानालाच कैद केले. देवीच्या साथीने शहर पोखरले आणि १५२१ च्या ऑगस्टमध्ये ते पडले. मोठे देऊळ पाडण्यात आले व त्याचे दगड नव्या इमारतींना लागले. गावेच्या गावे स्पॅनिश सरदारांना वाटून दिली गेली आणि तेथील लोकांना त्यांच्यासाठी कर भरावा लागला, राबावे लागले.

काशीत देऊळ पडले नाही, शहर जळले नाही. येथे सगळे खतावणीतून झाले.

काशीचा राजा हा अवधच्या नवाबाचा मांडलिक. १७७५ च्या तहात नवाबाने काशीचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकला. राजाने कंपनीला वर्षाला सुमारे साडेबावीस लाख रुपये द्यायचे ठरले. चेतसिंह ते देत होता. पण १७७८ मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू होताच गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने वर आणखी पाच लाख मागितले. दुसऱ्या वर्षी पुन्हा मागितले, तिसऱ्या वर्षीही मागितले. मग दोन हजार घोडेस्वारांची मागणी आली. राजा चालढकल करू लागला तेव्हा हेस्टिंग्ज स्वतः काशीत आला आणि १६ ऑगस्ट १७८१ रोजी राजाला त्याच्याच वाड्यात अटकेत ठेवले.

पहाऱ्यावरच्या शिपायांजवळ पुरेसा दारूगोळा नव्हता. राजाची माणसे नदी ओलांडून आली आणि शिपाई कापले गेले. काही दिवसांत खुद्द हेस्टिंग्जला रातोरात चुनारच्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. पण फौजा येताच पारडे फिरले. चेतसिंहाने महादजी शिंद्यांकडे आश्रय घेतला. तो पुन्हा काशीच्या गादीवर बसला नाही. १८१० मध्ये ग्वाल्हेरला त्याचा अंत झाला. गादीवर त्याचा भाचा महीपनारायण सिंह बसला आणि खंडणी चाळीस लाखांवर गेली. हे प्रकरण पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये हेस्टिंग्जवरच्या खटल्यातले एक कलम बनले. १७९५ मध्ये तो निर्दोष सुटला.

देवळासमोर नगारखाना

हेस्टिंग्जने काशीच्या देवाधर्माला हात लावला नाही. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास बांधलेल्या विश्वनाथ मंदिरासमोर १७८५ मध्ये त्याच्याच सांगण्यावरून नगारखाना उभा राहिला. तो बांधून घेतला शहराचे न्यायाधीश अली इब्राहीम खान यांनी. लंडनमध्ये खटला चालला तेव्हा काशीतल्या पंडितांनी हेस्टिंग्जची भलावण करणारी संस्कृत पत्रे पाठवली, त्यांत महाराष्ट्रीय पंडितही होते. शहरातल्या गोपालदास साहूंच्या पेढीचे कंपनीशी पैशाचे व्यवहार होतेच. परक्याचे राज्य केवळ बंदुकीवर उभे राहत नाही. आपले बरे चालले आहे असे वाटणारी घरची माणसे त्याला लागतात, आणि ती काशीतही मिळाली.

१७८७ मध्ये जोनाथन डंकन हा रेसिडेंट म्हणून आला. १७९१ मध्ये त्याने संस्कृत पाठशाळा काढली. पहिल्या वर्षी चौदा हजार आणि नंतर वीस हजार रुपये खर्चाला मिळाले. यामागे विद्येचे प्रेम होते आणि गरजही होती. इंग्रज न्यायाधीशांना हिंदूंचा कायदा समजावून सांगणारे पंडित हवे होते. मेक्सिकोतही स्पॅनिश पाद्र्यांनी १५३६ मध्ये अ‍ॅझ्टेक सरदारांच्या मुलांसाठी विद्यालय काढले होते. तिथे लॅटिन शिकलेल्या तरुणांनीच पुढे साहागुन नावाच्या पाद्र्याला आपल्या लोकांच्या चालीरीती नाहुआत्ल भाषेत लिहून काढायला मदत केली.

काशीचा पंडित सरकारी पगारावर आला आणि शास्त्राचा अर्थ सांगण्याच्या कामाचे रूप पालटले. पूर्वी व्यवस्था मागायला लोक पंडिताच्या घरी येत, तो सभा भरवून निर्णय देई. आता तो कचेरीत मत देऊ लागला आणि निकाल साहेब लिहू लागला. १८६४ मध्ये न्यायालयांतली पंडित आणि काझी ही पदेच रद्द झाली. तोवर छापलेली पुस्तके आणि मागचे निकाल साहेबाच्या टेबलावर जमा झाले होते.

जमिनीचा लिलाव

सर्वांत खोल बदल झाला तो जमिनीत. १७९५ मध्ये काशी प्रांताला कायमधाऱ्याची पद्धत लागू झाली. सारा कायमचा ठरला. ऐकायला हे सोयीचे वाटते. पण सारा ठरल्या दिवशी भरला नाही तर जमीन लिलावात निघू लागली. पूर्वीही साऱ्यासाठी जुलूम होई, मारझोड होई. तरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन धरून असलेल्या कुळीचा गावावरचा हक्क सहसा पुसला जात नसे. आता एका कागदावर तो दुसऱ्याच्या नावे होऊ लागला.

विकत घेणारे कोण होते? कचेरीतले कारकून, तहसीलदार, त्यांचे नातलग आणि शहरातले सावकार. लिलाव कधी, कुठे आणि केवढ्याला हे त्यांनाच आधी कळे. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जमिनीचा फार मोठा भाग असा हातोहात गेला. जुने मालक बऱ्याचदा त्याच गावात कूळ म्हणून राहिले.

त्याच वर्षी धरणे धरण्यालाही बंदी झाली. पैसे बुडवणाऱ्याच्या दारात ब्राह्मण उपाशी बसे आणि तो उठेपर्यंत घरच्यांनाही अन्न गोड लागत नसे. वसुलीची ही जुनी रीत कंपनीने गुन्हा ठरवली. दाद मागायची ती फक्त कचेरीत.

सगळे शहर मैदानात

पंधरा वर्षांनी त्याच काशीने कंपनीच्या दारात धरणे धरले.

१८१० मध्ये कंपनीने घरपट्टी बसवली. घराच्या भाड्याचा अंदाज काढून त्यावर कर. धार्मिक वास्तू आणि अगदी गरिबांची घरे वगळली होती. पण लोकांना आकड्यापेक्षा कर बसवण्याचा अधिकारच खुपला. बापजाद्यांनी बांधलेल्या घरात राहण्याचा मोबदला सरकारने का घ्यावा? डिसेंबर १८१० च्या अखेरीस दुकाने बंद झाली आणि लोक घरे सोडून उघड्या मैदानात जाऊन बसले. लोहार, मिस्त्री, विणकर, न्हावी, शिंपी, कहार, सगळ्यांनी काम टाकले. आसपासच्या गावांना निरोप गेले. ज्यांची ऐपत होती त्यांनी वर्गणी काढून गरिबांच्या पोटाची सोय केली. अंत्यविधी करणारेही सामील झाल्याने प्रेते विधीवाचून गंगेत सोडावी लागत आहेत, असे अधिकाऱ्यांनी कलकत्त्याला कळवले. वीस हजारांवर माणसे बसली होती, असे कंपनीच्याच कागदांत आहे.

थंडीचे दिवस होते. हिंदू-मुसलमान, उच्च-नीच सगळे एका जागी होते आणि कोणी हत्यार उचलले नाही. कोणावर गोळी झाडायची हे अधिकाऱ्यांना समजेना. अर्ज गेले, ते फेटाळले गेले. अखेर काशीच्या राजाने मध्यस्थी केल्यावर लोक घरी परतले. काही सवलती मिळाल्या आणि १८१२ मध्ये ती घरपट्टीच रद्द झाली. कंपनीचा हा सगळा पत्रव्यवहार धर्मपाल यांनी १९७१ मध्ये पुस्तकरूपाने पुढे आणला. सत्याग्रह हा शब्द जन्मण्याच्या शंभर वर्षे आधी काशीच्या न्हाव्या-शिंप्यांना त्याची रीत ठाऊक होती, हे त्यातून दिसले.

पेन्शनरांचे गाव

दरम्यान शहराचे रूपही पालटत होते. १८२० मध्ये टांकसाळीवर नेमणूक होऊन आलेल्या जेम्स प्रिन्सेपने काशीचा नकाशा केला, माणसे मोजली, सांडपाण्यासाठी भुयारी गटार बांधले आणि औरंगजेबाच्या मशिदीचे मिनार दुरुस्त केले. हाच प्रिन्सेप पुढे ब्राह्मी लिपी वाचून दाखवणारा म्हणून प्रसिद्ध झाला.

राज्य गमावलेल्यांना कंपनी पेन्शन देऊन काशीला बसवू लागली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा येथेच येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी मणिकर्णिका जन्मली. तीच झाशीची राणी लक्ष्मीबाई. १८५७ च्या जूनमध्ये काशीतल्या पलटणी मोडून काढल्या गेल्या. त्यानंतर शहरात आणि आसपासच्या खेड्यांत फाशीचे खांब उभे राहिले. त्यावेळी देवळाला नगारखाना देणारे, पाठशाळा काढणारे राज्य लोकांना वेगळ्या रूपात दिसले.

काय गेले, काय उरले

मेक्सिको शहरात १९७८ मध्ये वीजखात्याच्या कामगारांना खोदताना एका देवीची भली मोठी शिळा लागली आणि जमिनीखाली गाडलेले अ‍ॅझ्टेकांचे मोठे देऊळ पुन्हा उजेडात आले. काशीत तसे खोदण्याची गरज नाही. डंकनची पाठशाळा आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय आहे. तिथे महाराष्ट्रातून आलेल्या बापूदेव शास्त्रींनी एकोणिसाव्या शतकात गणित-ज्योतिष शिकवले. घाटांवर स्नाने चालू आहेत, विश्वनाथाची आरती चालू आहे. म्हणूनच येथे काही बदललेच नाही असे वरवर पाहणाऱ्याला वाटते.

पण जमीन कोणाची, शास्त्राचा अर्थ कोणता, दाद कुठे मागायची, हे ठरवण्याचा अधिकार शंभर वर्षांच्या आत काशीकरांच्या हातून गेला. तो जात असताना एकदा सगळे शहर घराबाहेर येऊन बसले आणि सरकारला मागे सरावे लागले. चेतसिंहाच्या नावाचा घाट काशीत आहे. थंडीत मैदानात बसलेल्या त्या लोहार-विणकरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.