व्हिसा आणि प्रवेश
कृष्णाकाठच्या ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन वाईहून अमेरिकेस प्रथमच शिक्षणार्थ निघणाऱ्या विद्यार्थ्याने हे पक्के ध्यानी धरावे, की पारपत्रावरील व्हिसा हा केवळ दारापर्यंत जाण्याचा परवाना असून, प्रत्यक्ष प्रवेश देण्याचा अखत्यार विमानतळावरील अंमलदाराचाच असतो. विद्यापीठाकडून आलेला व स्वतः सही केलेला आय-ट्वेंटी हा पात्रतेचा दाखला, शुल्काची पावती आणि खर्चाच्या तजविजीचे दाखले हातातल्या पिशवीतच असावेत. कारण मोठी बॅग या अंमलदाराच्या तपासणीनंतरच हाती येते, आणि आईने जपून चटणीच्या डब्याखाली ठेवलेला दस्तऐवज ऐनवेळी दाखविता येत नाही. अभ्यासक्रमारंभापूर्वी ३० दिवसांहून अधिक आधी प्रवेश मिळत नाही. अंमलदाराच्या प्रश्नांना उत्तरे थोडकी व खरी द्यावीत. मुक्कामी पोहोचताच आय-नाइन्टीफोर या प्रवेशाच्या नोंदीतील नाव, व्हिसाचा वर्ग व मुदत पडताळून घ्यावी.