बाळाचा पहिला चित्रपट : पालकांनी काय जाणावे?

सुट्टीचा हंगाम आला की कल्याण, डोंबिवली व ठाणे परिसरातील चित्रपटगृहांत कडेवर लहान मूल घेतलेले अनेक पालक दिसतात. आठवड्याचे सहा दिवस लोकलच्या प्रवासात घालविणाऱ्या आईवडिलांना कुटुंबासह चार घटका आनंदात घालवाव्यात असे वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र मोठ्यांसाठी जो विरंगुळा, तो तीन-चार वर्षांच्या बालकासाठी एक सर्वस्वी नवा अनुभव असतो. तो सुखद व्हावा यासाठी काही गोष्टी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

भारतीय चित्रपटाच्या इतिहासाचा आरंभच मुळी एका बालकाच्या अशा अनुभवाशी निगडित आहे. १९११ च्या सुमारास दादासाहेब फाळके आपला थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन मुंबईत गिरगाव येथील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर हालणारे-चालणारे प्राणी पाहून थक्क झालेल्या मुलाने घरी आल्यावर आईला, सरस्वतीबाईंना, सारे सांगितले. पण घरात कोणाचाच विश्वास बसेना, असे फाळके यांच्या चरित्रात नमूद आहे. तेव्हा दादासाहेब कुटुंबाला घेऊन पुन्हा गेले. त्या वेळी तेथे प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट चालू होता. तो पाहता पाहता आपल्या देशातील राम-कृष्णही असेच पडद्यावर अवतरावेत, हा ध्यास फाळके यांनी घेतला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि त्यात राजपुत्राची भूमिका याच भालचंद्राने केली.

या प्रसंगातील एक गोष्ट आजच्या पालकांनी हेरण्याजोगी आहे. मुलाने जे पाहिले ते त्याला कोणाला तरी सांगावेसे वाटले आणि वडिलांनी त्याचे बोलणे मनावर घेतले. चित्रपट पाहून झाल्यावर मुलाशी बोलणे, हा त्या अनुभवाचा अर्धा भाग होय.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकांनी पडद्यासमोर बसू नये व दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून एका तासाहून अधिक काळ बसू नये. आपले बहुतेक चित्रपट दोन तासांहून मोठे असतात. म्हणून घाई नको. मूल घरी अर्धा-पाऊण तास एखादी गोष्ट मन लावून ऐकू लागले, म्हणजे वेळ आली असे समजावे.

दुसरी बाब निवडीची. नोव्हेंबर २०२४ पासून प्रमाणपत्रांत ‘यू’ व ‘ए’ यांच्या दरम्यान ‘यूए ७+’, ‘यूए १३+’ व ‘यूए १६+’ असे वर्ग आले आहेत. ‘ए’ चित्रपटास १८ वर्षांखालील प्रेक्षकांना मज्जाव असतो. ‘यूए’ वर्गांत मात्र निर्णय पालकांवर सोपविलेला आहे. प्रमाणपत्र ‘यू’ असले तरी पालकांनी कथा आधी जाणून घ्यावी. चित्रपट उत्तम असणे निराळे आणि बालकाला पेलणे निराळे. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. परंतु त्यातील मातेचा वियोग चार वर्षांच्या जिवाला सोसवेलच असे नाही. या वयात खरे आणि भासमान यांतील सीमारेषा पुसट असते. ‘ते खोटे आहे’ असे सांगून भय जात नाही. मांडीवर घेतल्याने जाते.

तिसरी बाब अंधाराची व आवाजाची. दिवे मालवण्यापूर्वीच आत जाऊन बसावे, म्हणजे मुलाला खुर्च्या, पडदा, दारे नीट पाहता येतात. ‘आता अंधार होईल, मोठा आवाज येईल, आई इथेच आहे,’ हे आधीच सांगावे. मागच्या रांगेतील, कडेची जागा बरी. बाहेर पडणे सोपे जाते. आवाज असह्य वाटल्यास कान झाकण्याचे साधन किंवा निदान कानटोपी जवळ असावी. खेळ दुपारचा निवडावा. रात्रीच्या खेळाला पेंगुळलेले मूल हमखास रडते आणि इतर प्रेक्षकांनाही त्याचा त्रास होतो.

सर्वांत महत्त्वाचे हे की, मूल घाबरले वा कंटाळले तर निःसंकोच उठावे. येथेच पालकांची खरी कसोटी लागते. तिकिटांना मोजलेले पैसे आठवतात, कथा ऐन रंगात आलेली असते, आजी-आजोबाही सोबत असतात. अशा वेळी ‘गप्प बस, आता संपेल’ असे दरडावले, तर मूल पुढे चित्रपट विसरेल. पण भीती वाटत असताना आपले कोणी ऐकले नाही, हे मात्र त्याच्या मनात राहील. त्यासाठी कोणी मुलाला घेऊन बाहेर यावयाचे, हे मोठ्यांनी घरूनच ठरवून निघावे. अर्धाच चित्रपट पाहून परतलेले मूल पुढच्या वेळी आनंदाने येईल, कारण अंधारातही आपला हात धरणारे कोणी आहे, याची त्याला खात्री पटलेली असेल. असा विश्वास ज्याला लाभला, त्या बालकाचा पहिला चित्रपट सफल झाला, असे आम्ही मानतो.