सापेरावी आणि जमिनीतला रांजण

काखेतीला जाणं झालं ते वाइनसाठी, पण मन गुंतलं ते एका कुंभाराच्या अंगणात.

जॉर्जियाच्या पूर्वेला, कॉकेशसच्या पायथ्याशी असलेला हा द्राक्षांचा मुलूख. इथली लाडकी काळी जात म्हणजे सापेरावी. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग फक्त सालीत असतो. सापेरावीचा गरसुद्धा लाल. म्हणून तिची वाइन जवळजवळ काळी दिसते. वाइनची परंपराही इथे फार जुनी. राजधानी त्बिलिसीच्या दक्षिणेला उत्खननात मिळालेल्या खापरांत द्राक्षांच्या वाइनचे अंश सापडले, ते इसवी सनापूर्वी ६००० च्या सुमाराचे, असं संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलं. त्याआधीच, २०१३ मध्ये, युनेस्कोने क्वेव्रीत वाइन करण्याच्या पद्धतीला वारशाच्या यादीत घेतलं होतं.

क्वेव्री म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, तळाशी निमुळता मातीचा रांजण. धुवायला माणूस आत उतरतो, एवढा मोठा. वार्दिसुबानी गावात ती घडताना पाहिली. कुंभार चाक वापरत नाही. मातीच्या जाड वळकट्या एकावर एक चढवतो, अंगठ्याने दाबत, आतून-बाहेरून हात फिरवत. खालचा थर आवळायच्या आत वरचा ठेवला तर सगळी भिंतच बसते. त्यामुळे दिवसाला काही बोटंच उंची वाढते. तोवर तो शेजारच्या क्वेव्रीकडे वळतो. मोठी क्वेव्री उभी राहायला महिने जातात. मग भट्टीत काही दिवस लाकडाचा जाळ, आणि भाजलेली क्वेव्री गरम असतानाच आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात.

खरी करामत त्या निमुळत्या तळात आहे. चेचलेली द्राक्षं सालीबियांसकट आत पडतात. आंबताना साली वर येतात, त्या दिवसातून अनेकदा काठीने खाली ढकलाव्या लागतात. बिया मात्र सरळ टोकाशी जाऊन बसतात आणि गाळाखाली गाडल्या जातात, त्यामुळे त्यांचा कडवटपणा वाइनमध्ये फारसा उतरत नाही. भोवतालची माती बारमाही गारवा राखते. पंप नाही, वीज नाही. कुंभाराने हाताने दिलेला आकारच सगळं काम करतो! इतकं नेटकं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

या क्वेव्री जिथे पुरतात त्या मारानीला इथले लोक देवघराइतकं जपतात. जेवणावळीला, म्हणजे सुप्राला, तामादा, म्हणजे पंगतीचा सूत्रधार, एकेक शुभेच्छा उच्चारतो. आधी देवासाठी, गेलेल्यांसाठी, मुलांसाठी. त्याचं बोलणं संपेपर्यंत पेला ओठाला लावायचा नाही.

पण काळजी वाटावी असंही बरंच आहे. सोव्हिएत काळात कारखान्यांना ठोक माल हवा होता, क्वेव्री मागे पडली. १९८५ च्या दारूविरोधी मोहिमेत द्राक्षमळेच उपटले गेले. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली. ती २०१३ मध्ये उठली आणि आज पुन्हा सर्वांत मोठं गिऱ्हाईक रशियाच आहे. एका देशावर एवढा भार टाकणं धोक्याचं आहे. जगभरातून क्वेव्रीला मागणी वाढतेय, पण ती घडवणारी घराणी मोजकीच उरली आहेत. माती ओळखायला, जाळ जोखायला वर्षं लागतात, आणि भट्टीत तडा गेला की महिन्यांची मेहनत वाया. तरुणांनी या धंद्यात यावं असं वाटत असेल तर क्वेव्रीला तिच्यामागच्या कष्टांचा दाम मिळायला हवा.

जॉर्जियाची बहुतांश वाइन आज पोलादी टाक्यांत तयार होते. सापेरावीची बाटली हाती आली, तर लेबलवर ‘क्वेव्री’ हा शब्द आहे का, ते जरूर पाहा. त्या शब्दासाठी चार पैसे जास्त पडले तरी द्या.