आधी घासकाम, मग रंग

अर्धापूर म्हटलं की केळी आठवतात. केळीची पट्टी हातात पडली की शेतकऱ्याची नजर घराच्या भिंतींकडं वळते, आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर पेंटरला दम खायला फुरसत राहत नाही. नवी पोरं या धंद्यात शिरतात ती याच घाईत.

आयटीआयमध्ये पेंटरचा ट्रेड आहे; पण बहुतेक जण मामाच्या, नाहीतर गल्लीतल्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकतात. पहिल्या हंगामात हाती ब्रश येत नाही, पॉलिशपेपर येतो. पत्र्यानं पोपडे खरवडायचे, भिंत घासायची, फरशीवर कागद अंथरायचा. संध्याकाळी भुवयासुद्धा पांढऱ्या. इथं नुसता रुमाल पुरत नाही, चांगला मास्क हवा. घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात 90 भाग ही मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आली. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या धुळीचा भरवसा नाही. तो थर ओला करूनच घासावा.

मग पुट्टी. पाण्यात पावडर सोडायची, पावडरीवर पाणी नाही. नाहीतर गुठळ्या होतात. लागेल तेवढीच कालवायची, कारण ती घट्ट होत जाते. दोन हात झाले की मिस्त्री मोबाईलची बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपी धरतो. दिवसा सपाट वाटलेल्या भिंतीवर पत्र्याच्या रेघा, खड्डे सगळं उघडं पडतं. पोरगं मुकाट्यानं पुन्हा पेपर उचलतं. त्यानंतर प्रायमर, आणि मग रंग: आधी छत, मग भिंती, शेवटी दारं-खिडक्या.

हात बसला तरी हजेरीवरचा गडी तो गडीच. गुत्तं घ्यायचं तर टेप लावून चौरस फूट काढता आले पाहिजेत, दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही हे आधीच बोललं पाहिजे, आणि काम नुसत्या मजुरीचं की मटेरियलसकट, तेही. डब्यातल्या टोकनचे पैसे कुणाचे, यावरूनही जोड्या फुटतात. वर्षात 90 दिवस काम भरलं असेल, तर 18 ते 60 वयाच्या पेंटरनं राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्यावी.

खरी परीक्षा नव्या घरात होते. प्लास्टर ओलं, आणि वास्तुशांती आठवड्यावर. "थोडा दम धरा, मालक," म्हणणाऱ्याचं काम कधीकधी दुसऱ्याकडं जातं. पण ओल्या भिंतीवर रंग मारला, तर पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात आणि नाव पेंटरचंच जातं. नकार द्यायला जमलं, की पोरगं मिस्त्री झालं.