घरकुल मंजूर, पण जागा कुठे आहे?

रमाई घरकुलाच्या यादीत नाव आले की आमच्या वस्तीत पेढे वाटले जातात. कुणीतरी बॅनर लावतो, त्यावर लाभार्थ्यांपेक्षा पुढाऱ्यांचेच फोटो जास्त असतात. आठवड्याभरात ग्रामसेवक निरोप धाडतो, "जागेचा उतारा घेऊन या." आणि इथेच सगळे थांबते.

आमच्याकडे मराठवाड्यातल्या एका गावची आक्का येते. विधवा आहे, ऊसतोडीला जाते. तिचे नाव यादीत आले, गेले, पुन्हा आले. तिचा प्रश्न साधा आहे. "वकीलसाहेब, घर मंजूर झालं म्हणतात, मग बांधू का देत नाहीत?" तिचे पत्र्याचे घर सासूच्या काळापासून गायरानात आहे. ग्रामपंचायत तिच्याकडून घरपट्टी घेते, पाणीपट्टी घेते. विजेचे मीटर तिच्या नावाने आहे. मतदार यादीत तिच्या घराला क्रमांक आहे. फक्त नमुना नंबर ८ च्या उताऱ्यावर शेवटच्या रकान्यात दोन शब्द आहेत, 'सरकारी जागा'. या दोन शब्दांनी तिचे अनुदान अडवून ठेवले आहे.

ही एका आक्काची गोष्ट असती तर आम्ही इथे लिहिली नसती.

मुळात हा प्रश्न घराचा नाही, जागेचा आहे, आणि जागेचा प्रश्न जातीचा आहे. गावठाण आखले तेव्हा महारवाडा, मांगवाडा कडेला टाकला गेला. एका घरात चार भाऊ झाले, चार चुली झाल्या, पण वस्तीची हद्द तीच राहिली. पाटलाचा पोरगा वेगळा निघाला की स्वतःच्या मळ्यात घर बांधतो. आमचा पोरगा वेगळा निघाला तर जाणार कुठे? तो गायरानात गेला. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, गुलामीचे ते जोखड गेले हे चांगलेच झाले. पण वतनाची जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून परत मिळवायची होती, आणि ती भरण्याची ऐपत कितीजणांची होती? ज्यांनी मिळवली त्यांच्यापैकीही अनेकांच्या जमिनी पुढे दुसऱ्यांच्या हातात गेल्या.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी सरकारी पडीक जमिनीवर अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती उभ्या करण्याची आणि त्यासाठी वसाहत आयोग नेमण्याची मागणी केली. जो माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर राहतो आणि दुसऱ्याच्याच शेतात राबतो तो मतदानाच्या दिवशीही मोकळा नसतो, हे त्यामागचे गणित होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९६४ मध्ये भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले, तेही याच जमिनीसाठी. आज आपण त्या सत्याग्रहाच्या जयंत्या-स्मृतिदिनांना भाषणे करतो. त्यातल्या मागण्यांचा कागद मात्र कुणी उघडून पाहत नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण गायरान म्हटले की अधिकारी लगेच सर्वोच्च न्यायालयाचे नाव घेतो. २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार हा तो निकाल. गावतळ्याच्या जागेवरच्या अतिक्रमणाचे प्रकरण होते. गावाच्या सामाईक जमिनी धनदांडग्यांनी आणि गुंडांनी गिळल्या आहेत, त्या मोकळ्या करा, असे न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले. त्यात चूक काही नाही. पण त्याच निकालात एक अपवाद ठेवलेला आहे. शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असेल, तर अशा अपवादात्मक प्रकरणात नियमितीकरण करता येईल, असे तो निकाल म्हणतो. आम्ही अनेक नोटिसा वाचल्या. निकालाचा पहिला भाग प्रत्येक नोटिशीत असतो, हा अपवाद एकीतही नसतो. २०२२ च्या अखेरीस गायरानातील घरे हटवण्याच्या नोटिसा राज्यभर निघाल्या, तेव्हाही हेच झाले. धनदांडग्यांसाठी लिहिलेला निकाल आक्काच्या पत्र्यावर चालवला गेला.

दुसरा निकाल आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असायला हवा, आणि तो बहुतेकांना ठाऊकही नाही. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार, १५ डिसेंबर १९९५. सरकारने अनुसूचित जातीच्या कुटुंबांना घरे देण्यासाठी जमीन संपादन केली. जमीनमालक न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, यात एवढी निकड कसली, दलितांच्या घरांसाठी तातडीचे कलम कशाला लावता? सर्वोच्च न्यायालयाने मालकांचे म्हणणे फेटाळले आणि निवाऱ्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच, म्हणजे कलम २१ चाच भाग मानला. निवारा म्हणजे नुसते डोक्यावरचे छप्पर नव्हे. पुरेशी जागा, उजेड, हवा, स्वच्छ पाणी, वीज, संडास, रस्ता हे सगळे त्यात येते, असेही न्यायालयाने मांडले. जमीन देणे हे सरकारचे काम आहे आणि त्यासाठी ते तातडीने जमीन घेऊ शकते, एवढे या निकालावरून स्पष्ट आहे.

मग योजना काय करतात? भटक्या-विमुक्तांसाठीच्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत पाच गुंठे जागा आणि तीवर घर अशी कल्पना आहे. तिची अंमलबजावणी किती कासवगतीची आहे हा वेगळा विषय, पण कल्पना बरोबर आहे. आधी जागा, मग भिंत. रमाई योजनेत मात्र लाभार्थ्याकडे जागा आहे असे गृहीतच धरलेले आहे. जागा खरेदीसाठी २०१५ च्या अखेरीस पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने वेगळी योजना निघाली, ५० हजारांपर्यंत मदतीची, ती रक्कम पुढे वाढवलीही. पण गावात आमच्या माणसाला जागा विकणार कोण? सवर्ण मालक आपल्या घराशेजारचा तुकडा बौद्ध कुटुंबाला विकत नाही. विकलाच तर भाव दुप्पट सांगतो. या प्रश्नाला खरेदीचे अनुदान हे उत्तर नाही. महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे आणि कलम ५१ खाली अतिक्रमण नियमित करण्याचाही. अधिकार आहेत. ते वापरायला भाग पाडणारी माणसे कमी आहेत.

शहरात रोग वेगळा आहे. १९९५ नंतर मुंबईत फुकट घराची योजना आली आणि गरिबाचे घर बिल्डरच्या नफ्याला बांधले गेले. जिथे विक्रीला भाव, तिथेच पुनर्वसन. बाकी वस्त्या वीस-वीस वर्षे कागदावर. आधी १९९५, मग २०००, मग पैसे भरून २०११, अशा तारखांवर माणसे वाटली गेली. ७० टक्के संमतीची अट ५१ वर आली. संमतीचे अंगठे गोळा करायला कोण फिरले? सांगायला लाज वाटते, पण त्यात निळा गमछा घातलेलेही होते. शेवटी ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच मुंबई उच्च न्यायालयाला १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घ्यायला सांगितले.

आणि गंमत अशी की चांगला मार्ग त्याच मुंबईत त्याआधी चालून झाला होता. १९८५ पासून जागतिक बँकेच्या मदतीने चारकोप, गोराई इथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना लहान भूखंड दिले गेले. रस्ता, पाणी, गटार सरकारने केले. पस्तीसेक घरांची सोसायटी, मध्ये चौक. घर लोकांनी आपल्या सवडीने बांधले. आधी एक खोली, पोरगा कमावता झाल्यावर वरचा मजला. आज जाऊन पाहा, तिथे पक्की घरे उभी आहेत. सरकारने जमीन आणि नळ दिला तर भिंत माणूस स्वतः उभी करतो. पण यात मोठे कंत्राट नाही, म्हणून ही पद्धत मागे पडली असावी, असे आमचे मत आहे.

बांधकामाबद्दलही दोन शब्द. २६९ चौरस फुटांत पत्रा टाकला की मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. काही शहाणे मातीच्या घरांचे गोडवे गातात. त्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली माणसे गाडली गेली. आमच्या लोकांना सिमेंट हवे ते नुसत्या हौसेने नव्हे. पण मधला रस्ता आहे. केरळात लॉरी बेकर यांनी विटा आडव्या न ठेवता उभ्या ठेवून भिंतीत पोकळी सोडण्याची पद्धत रुजवली. विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि घर थंड राहते. मात्र भूकंपाच्या पट्ट्यात तिला सळईची जोड हवी, ते इंजिनियरला विचारूनच करावे. एक गवंडी शिकला तर अख्खी वस्ती शिकेल. समाजमंदिराच्या निधीसाठी आमदाराकडे चकरा मारणाऱ्या आमच्या तरुणांनी एक फेरी यासाठीही मारावी.

गायरानात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिले, शाळेचे दाखले जपून ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्र्याला न टांगता. पावसात भिजलेली १९९८ ची पावती आम्ही स्वतः पाहिली आहे, आकडा गेलेला होता. अर्ज एकेकट्याने करू नये, वस्तीने मिळून करावा, आणि पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नये. नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्यावे. गप्प बसणे म्हणजे कबुली धरली जाते.

आक्काच्या वस्तीने तसा अर्ज केला आहे, एकोणतीस कुटुंबांचा. सोबत चमेली सिंग निकालाची प्रत जोडली आहे आणि जगपाल सिंग निकालातला तो अपवादाचा परिच्छेद अधोरेखित केला आहे. तारीख पुढच्या महिन्याची आहे. तोवर आक्काने पत्र्यावर पाचट अंथरले आहे, उन्हासाठी.